अस्तनीचा काठ

माझी कन्या जेथे दिली आहे ते घर जालना जिल्ह्यात, केळणा नदीपासून कोस-दीड कोसावर असलेल्या एका खेड्यात आहे. घर जुने, कुलकर्ण्यांचे. वतन गेले, वाड्याची एक बाजूही पडली. परंतु चार भाऊ अद्याप एका चुलीवर जेवतात, आणि वर्षाचे सण यथासांग होतात. तीन वर्षांपूर्वी नवरात्रात मी तेथे गेलो होतो. खंडेनवमीच्या सकाळी शस्त्रपूजेसाठी माजघरातील शिसवी पेटी उघडण्यात आली. तीतून एक गंजलेली तलवार निघाली, एक कट्यार निघाली, आणि सर्वांच्या तळाशी पंचात गुंडाळून वेखंडाच्या तुकड्यांसह ठेवलेली एक चिंधी निघाली. मला ती चिंधीच वाटली. व्याह्यांच्या मातोश्रींनी, ज्यांना सारे घर आजी म्हणते, ती मात्र दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवली आणि तीवर हळदकुंकू न वाहता केवळ एक फूल ठेवले.

तो एका कोटाच्या अस्तनीचा शेवट होता. वीतभर लांबीचा, विटकरीसारख्या तांबड्या, जाड लोकरी कापडाचा. आणि त्याच्या टोकास चार बोटे रुंदीचा, बाहेर दुमडलेला दुसऱ्या रंगाचा पट्टा. हा पट्टा पूर्वी कोणत्या रंगाचा होता हे सांगणे कठीण होते. जुन्या पोथीच्या पानासारखा, मळकट, पिवळसर असा काही तरी तो दिसत होता. गुंड्या नव्हत्या, त्या जेथे होत्या तेथे दोऱ्याचे तुटके टाके तेवढे राहिले होते.

घरची हकीकत अशी. इसवी सन १८०३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस असईची लढाई झाली. दुसरे दिवशी या घराण्यातील तेव्हाचे कर्ते पुरुष केळणेच्या काठी गेले असता एक लाल कोटवाला शिपाई शेवटच्या घटका मोजीत पडलेला त्यांस आढळला. त्यांनी त्याच्या तोंडात पाणी घातले. त्याने यांची अस्तनी धरली आणि तसाच प्राण सोडला. प्रेत नदीकाठी पुरले; कोटाच्या फाटलेल्या बाहीचा तुकडा मात्र त्यांनी घरी आणला. तेव्हापासून सर्वपित्री अमावास्येस घरच्या पितरांचे तर्पण आटोपले म्हणजे अखेरीस एक ओंजळ त्या परक्याच्या नावाने सोडण्याचा या घरात परिपाठ आहे. परंतु नाव कोणते? घरात त्याला ‘साहेब’ म्हणतात, एवढेच.

मी मुलाकडे लंडनला काही महिन्यांसाठी जाणार आहे हे आजींस ठाऊक होते. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. तिकडे विलायतेत यांच्या फौजेचे सारे कागद असतील. नाव नाही कळायचे, मला समजते. पण तो कोणत्या पलटणीचा, कोणत्या मुलखाचा, एवढे तरी विचारून या. सव्वादोनशे वर्षे आम्ही त्याला पाणी देतो आहोत. ते भलत्याच्याच नावाने तर जात नाही ना?”

हा तुकडाच बरोबर न्यावा असे माझ्या मनात होते. तथापि शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसास देशाबाहेर नेण्याची १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हे माझ्या जावयाने वेळीच लक्षात आणून दिले. मग मी मोजमाप घेतले, छायाचित्रे काढली, टाक्यांच्या जागा कागदावर उतरून घेतल्या, आणि निघालो.

लंडनमध्ये चेल्सी म्हणून जो भाग आहे तेथे टेम्स नदीच्या अलीकडे रॉयल हॉस्पिटल नावाची भव्य इमारत आहे. नावावरून ते रुग्णालय वाटेल. परंतु ते वृद्ध सैनिकांचे निवासस्थान आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६८२ मध्ये त्याची स्थापना केली, ख्रिस्तोफर रेन या विख्यात स्थापत्यकाराने ते बांधले, आणि १६९२ मध्ये पहिले निवृत्त सैनिक तेथे राहावयास आले. आजही समारंभाच्या दिवशी तेथील वृद्ध गुडघ्यापर्यंत येणारा लालभडक कोट आणि तिकोनी टोपी घालून बाहेर पडतात. मी गेलो त्या दिवशी असे एक आजोबा काठी टेकीत रस्ता ओलांडीत होते. पानगळ सुरू झाली होती, आकाश राखेच्या रंगाचे होते, आणि त्या करड्या रस्त्यावर तो एकच लाल ठिपका इतक्या लांबून दिसत होता की, रणांगणावर धुराच्या लोटांत हा रंग का निवडला असेल हे मला न विचारता कळले.

या वास्तूस लागूनच राष्ट्रीय लष्करी संग्रहालय आहे. १९६० मध्ये सँडहर्स्ट येथे त्याचा आरंभ झाला. १९७१ मध्ये ते चेल्सीस आले, आणि पुनर्रचनेनंतर २०१७ मध्ये पुन्हा उघडले. आत शिरताच प्रथम जाणवतो तो मंद उजेड. जुन्या वस्त्रांवर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू नये असा सर्वत्र संकेत आहे. आपल्याकडे देवघरातील समईच्या उजेडात जसे दिसते तसे डोळे सरावल्यावर दिसू लागते. प्रकाश हाच रंगाचा वैरी, हा पहिला धडा मी तेथे शिकलो.

आता या कोटांच्या काठाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या भगिनींना हे समजण्यास वेळ लागणार नाही. लुगड्याचे अंग एका रंगाचे असते. परंतु ते कोठले, कोणत्या घाटाचे, हे जाणती बाई काठावरून आणि पदरावरून ओळखते. ब्रिटिश पायदळाचे तसेच होते. कोटाचे अंग बहुतेक सर्वांचे तांबडे. गळपट्टी, छातीवरील पट्टी व अस्तनीची दुमड मात्र पलटणीगणिक निराळ्या रंगाची. इंग्रजीत यास फेसिंग म्हणतात. मूळ गोष्ट साधी होती. कोटास आतून निराळ्या रंगाचे अस्तर असे. अस्तनी मागे दुमडली म्हणजे ते अस्तर बाहेर दिसे. पुढे जे सहज दिसत होते तेच ओळखीचे चिन्ह ठरले.

या रंगांना शासकीय शिस्त आली ती अठराव्या शतकात. १७५१ च्या राजाज्ञेने पलटणींना त्यांच्या कर्नलाच्या नावाऐवजी क्रमांक दिले आणि प्रत्येकीच्या काठाचा रंग लिहून ठेवला. १७६८ मध्ये पुन्हा एकदा सविस्तर आज्ञा निघाली. ही यादी वाचताना मला मोठी मौज वाटली. लष्करी दप्तरात असा रसिकपणा असेल हे कोणास खरे वाटेल? पाचव्या पलटणीचा हिरवा म्हणजे हंसाच्या पिलाचा हिरवा. तेराव्या पलटणीचा पिवळा हा ज्या फ्रेंच शब्दाने सांगितला आहे त्याचा अर्थ ‘वाळलेले पान’. चोविसाव्या पलटणीचा हिरवा एका पाणवठ्यावरच्या झाडाच्या पानांचा, आणि चौपन्नाव्या पलटणीचा तर चक्क पोपटी! आपल्या आजीबाई ‘आमसुली’, ‘मोतिया’, ‘अंजिरी’ असे रंग सांगतात तेव्हा त्यांचे डोळ्यांपुढे जशी वस्तू असते, तशीच या लेखनिकांच्या डोळ्यांपुढे होती.

अडचण नेमकी येथेच आहे. हंसाचे पिलू म्हणजे नेमका कोणता हिरवा? शब्द राहिला, रंग गेला. म्हणून या विषयाचा अभ्यास करणारे तीन साक्षीदार समोरासमोर उभे करतात. पहिला साक्षीदार लेखी आज्ञा, दुसरा चित्र, तिसरा प्रत्यक्ष कापड. चित्रांमध्ये डेव्हिड मोरिए याने १७५१ च्या सुमारास व पुढे काढलेल्या ग्रेनेडियर शिपायांच्या चित्रांस मोठे मोल आहे. ती आज तेथील राजघराण्याच्या संग्रहात आहेत. त्यांत एकेका पलटणीचा काठ, फीत, टोपी सारे बारकाईने दाखविले आहे. परंतु चित्रावरील रोगण पिवळे पडते, चितारीही कधी चुकतो; आणि कापडाची साक्ष तर सर्वांत फसवी.

कापड फसवते ते रंगकामाच्या रीतीमुळे. साध्या शिपायाच्या कोटाचा तांबडा रंग आपल्या मंजिष्ठेच्या जातीच्या एका वनस्पतीच्या मुळांपासून काढीत. अधिकाऱ्याचा लालभडक रंग मेक्सिकोतील निवडुंगावर वाढणाऱ्या किरमिजी किड्यांचा असे. त्यात कथिलाचा क्षार घातला म्हणजे तो धगधगीत होई. हे दोन्ही रंग पुष्कळ टिकाऊ. काठांची गोष्ट निराळी. हिरवा रंग एकाच द्रव्याचा नसे. आधी निळीत बुडवून मग पिवळ्यात बुडवीत. पिवळा उन्हाने लवकर उडतो, निळीला काही होत नाही. म्हणून काचेच्या कपाटात आज जो काठ निळसर दिसतो तो मूळचा हिरवा असू शकतो. काळा बहुधा एका अमेरिकन झाडाच्या लाकडाचा काढा व लोखंडाचा क्षार यांपासून करीत. तो उतरला की तपकिरी होतो. पन्नासाव्या पलटणीच्या काठाचा रंग काळा होता. पोर्तुगालात १८०८ मध्ये व्हिमेरोच्या लढाईत उन्हाने घामाघूम झालेले तिचे शिपाई अस्तनीने तोंड पुशीत राहिले, काळा रंग तोंडावर उतरला, आणि त्या दिवसापासून पलटणीस ‘मळकी अर्धशंभरी’ हे टोपणनाव पडले, असे सांगतात. रंग पक्का की कच्चा हा प्रश्न आपल्याकडे परिटाच्या घाटावर सुटतो. त्यांचा रणांगणावर सुटला.

दुसरी एक आख्यायिकाही येथे सांगण्यासारखी आहे, कारण तिचा संबंध आमच्या तुकड्याशी येतो. तिसऱ्या पलटणीचा काठ ‘बफ’ रंगाचा होता, म्हणून तिचे नावच ‘बफ्स’ पडले. हा शब्द म्हशीच्या कुळातील जनावरासाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून आला. तेल चोपडून कमावलेल्या कातड्याचा जो फिकट बदामी रंग तो बफ. १७४३ मध्ये डेटिंगेनच्या लढाईत एकतिसावी पलटण शौर्याने लढत असता दुसऱ्या जॉर्ज राजाने काठ पाहून तिला बफ्स समजून शाबासकी दिली. चूक ध्यानात आणून दिल्यावर तो म्हणाला की, मग या धाकट्या बफ्सना शाबास! ते नाव कायम राहिले. म्हणजे समोर उभ्या असलेल्या राजासही काठावरून माणसे नीट ओळखता येत ना. मग सव्वादोनशे वर्षांनंतर मी ती कशी ओळखणार?

असईच्या लढाईत आर्थर वेलस्ली याच्याबरोबर युरोपियन पायदळाच्या दोनच पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. दोन्ही स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील म्हणविणाऱ्या. पहिली १७८७ मध्ये उभारलेली, दुसरी १७९३ मध्ये. संग्रहालयाच्या अभ्यासिकेत बसून मी त्यांचे काठ शोधले. ७४ व्या पलटणीचा काठ पांढरा. ७८ व्या पलटणीचा काठ बफ. रॉस परगण्याच्या नावावरून तिला ‘रॉसशायर बफ्स’ असेच म्हणत. वाचकहो, माझी कशी पंचाईत झाली याची कल्पना करा. हिरवा आणि निळा, काळा आणि पिवळा यांत निवड करावयाची असती तर काही सोय होती. परंतु जुनाट पांढरा आणि विटलेला बदामी! पांढरी लोकर चुलीच्या धुराने आणि वयाने पिवळी पडते; बदामी लोकर उजेडाने पांढरट होते. दोघे दोन बाजूंनी चालत येऊन आमच्या पेटीत एकाच ठिकाणी भेटले होते.

गुंड्या असत्या तर क्षणात निकाल लागला असता. १७६७ पासून पलटणीचा क्रमांक गुंडीवर असे, आणि साध्या शिपायाची गुंडी कथलाची असे. या घरातील गुंड्या मात्र मागील कोणत्या तरी पिढीतील मुलांनी सागरगोट्यांबरोबर खेळून हरवल्या, असे आजी सांगत.

मुलाच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. जुनी वस्त्रे जतन करण्याच्या कामात त्यांचे आयुष्य गेले आहे. मी त्यांस छायाचित्रे दाखविली. त्यांनी ती पाहिली आणि शांतपणे बाजूस ठेवली. त्या म्हणाल्या, “छायाचित्रावरून रंग सांगणारा एक तर भोळा असतो, नाही तर विक्रेता.” धागे विरघळवून त्यांतील रंगद्रव्ये वेगळी काढण्याची रासायनिक पद्धत आहे, तीस एक-दोन धागे पुरतात, असेही त्यांनी सांगितले. मी लाजत म्हणालो की, त्यातील एकही धागा तोडावयाचा नाही असे घरच्या वडीलधाऱ्यांनी बजावले आहे. बाई हसल्या. म्हणाल्या, “त्यांचे बरोबर आहे. मग असे करा. दुमडीच्या आत, शिवणीपाशी, जेथे उजेड कधीच गेला नाही तेथे पाहा. दिव्याखाली पाहू नका. उत्तरेकडच्या खिडकीत, सकाळी पाहा. शेजारी कोरे पांढरे कापड ठेवा. कापड मूळचे पांढरे असेल तर आतला भाग बाहेरच्यापेक्षा उजळ असेल. रंगविलेले असेल तर आतला भाग गडद असेल.”

इतकी सोपी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. लुगड्याची निरी सोडली की आतला रंग नव्यासारखा दिसतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

पुढच्या भाद्रपदात मी परतलो, आणि सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी त्या गावी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा माडीवर उत्तरेच्या खिडकीत नेला. आजी जिना चढून स्वतः वर आल्या. माझ्या कन्येने केसांचा आकडा वाकवून दुमडीची कड अलगद उचलून धरली. मी भिंग घेतले. शेजारी नव्या पंचाचे टोक ठेवले होते. आत, दोन टाक्यांच्या मधोमध, बोटभर जागी कापड स्वच्छ होते. ते पांढरे नव्हते. आटवलेल्या दुधावरच्या सायीहून थोडे अधिक गडद, कोवळ्या बदामासारखे. मी भिंग आजींच्या हाती दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “रंगवलेलेच आहे हो हे.”

मग मी त्यांस लढाईची मांडणी समजावून सांगितली. वेलस्लीने केळणा ओलांडून केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आपले सैन्य उभे केले. उजव्या अंगास, असई गावाच्या बाजूस, ७४ वी पलटण होती. ती भलतीच पुढे गेली, गावातील तोफांच्या तोंडी सापडली आणि तिची दाणादाण झाली. ७८ वी पलटण डाव्या अंगास, केळणेच्या बाजूस होती. शिंद्यांच्या कवायती कंपूंवर पहिला हल्ला तिने चढविला. पूर्वजांनी त्या शिपायास केळणेच्या काठी पाहिले, हे घरचे सांगणे आणि काठाचा बदामी रंग, ही दोन्ही एका दिशेस बोट दाखवीत होती.

“म्हणजे तो ७८ व्या पलटणीचा गोरा,” माझे व्याही समाधानाने म्हणाले.

येथे मला थांबावे लागले. मी म्हणालो, “तसा संभव आहे. पण दोन गोऱ्या पलटणींच्या मधोमध मद्रासच्या देशी पलटणी होत्या. त्यांचे कोटही तांबडेच, आणि त्यांच्याही गळपट्टीस व अस्तनीस निरनिराळ्या रंगांचे काठ असत. कापड जाडेभरडे आहे, तेव्हा हा अधिकारी नव्हे, साधा शिपाई, हे बहुतेक नक्की. ७४ व्या पलटणीचा नव्हे, हेही बहुतेक नक्की. परंतु तो रॉस परगण्यातला शेतकरी होता की अर्काटाकडचा, हे हा काठ सांगत नाही. त्या दिवशी इंग्रजांकडचे सुमारे सोळाशे लोक मेले वा जखमी झाले. त्यांत आपल्या मुलखाचे पुष्कळ होते.”

व्याह्यांचा चेहरा उतरला. दोनशे वर्षे घरात ज्याला साहेब म्हटले तो कदाचित एखादा तेलंगी किंवा तामिळी शिपाई असावा, ही कल्पना त्यांस रुचली नसावी. ते म्हणाले, “पण वडीलधारी माणसे गोरा म्हणत आली.”

आजी तुकडा पंचात गुंडाळीत होत्या. त्या म्हणाल्या, “लाल कोट पाहिला आणि गोरा म्हटले. तोंड चिखलाने, रक्ताने भरलेले असेल. पाणी पाजणाऱ्याने कातडे कुठे पाहिले असणार? मास्तरांनी आणले तेवढे पुष्कळ झाले. पूर्वी आपण काहीच न शोधता सांगत होतो. आता निदान कोठवर ठाऊक आहे ते ठाऊक झाले.”

दुपारी तर्पण झाले. पितृकुलाचे, मातृकुलाचे, गुरूंचे, आप्तांचे पाणी सोडून झाले. अखेरची ओंजळ भरताना व्याही क्षणभर थबकले आणि त्यांनी दाराशी बसलेल्या आपल्या आईकडे पाहिले. आजींनी तेथूनच सांगितले, “साहेब म्हणू नकोस. केळणेच्या काठचा शिपाई म्हण.”

त्यांनी तसे म्हटले, आणि काळ्या तिळांसह ते पाणी ताम्हनात सोडले. कन्येने तो तुकडा नवे वेखंड घालून पेटीत ठेवला. जाताना माझ्या व्याह्यांनी एका कागदावर तारीख घालून त्या दिवशी जे दिसले ते स्वतःच्या अक्षरात लिहिले: काठ बदामी, आतून पाहिला, ७४ वी नव्हे, ७८ वी किंवा मद्रासची, गुंड्या नाहीत. तो कागदही पंचाच्या घडीत गेला.